खाराची चव

चैत्र सरत आला आणि कैऱ्यांना बाठा धरला, की भिसेगावात सोनुबाईचा भाव चढायचा. एरवी ती चार बायकांसारखीच एक. भात कांडायची, गुरांना वैरण टाकायची, शेजारणीशी कडाकडा भांडायची आणि तिसऱ्या दिवशी तिच्याच ओट्यावर जाऊन बसायची. पण लोणच्याच्या दिवसांत तिच्या हाताशिवाय गावातलं एकही घर पुढं सरकत नसे. बायका फोडी चिरून, मोहरीची डाळ करून, तेल कढवून निववून ठेवायच्या आणि निरोप धाडायच्या, "हात लावायला या." मग सोनुबाई पदर खोचून यायची, कोपरापर्यंत हात धुऊन कोरडे करायची, आणि काठवटीतल्या फोडींवर पहिलं मीठ तिच्या मुठीनं पडायचं. त्या लोणच्याला वर्षभर बुरशी म्हणून शिवत नसे. गाव म्हणायचं, बाईच्या हाताला गुण आहे.

तिची सून बायजा मात्र पाच वर्षं तिच्या मागे टोपली घेऊन फिरत होती, आणि हा नुसता गुण नव्हे हे तिला पुरतं ठाऊक होतं. कोंडाण्याची कोंडी ठाकरीण डोक्यावर रायवळ कैऱ्यांची पाटी घेऊन यायची, तेव्हा सोनुबाई एकेक कैरी हातात घेऊन नखानं टिचकी मारायची. "ही तोडलेली नाय, पडलेली हाय," असं म्हणून एखादी बाजूला ठेवायची. कोंडी आधी शपथा घ्यायची आणि मग हसून कबूल व्हायची, की होय, तेवढी एक वाऱ्यानं पडली. मार लागलेली एक कैरी बरणीत गेली तर ती शंभरांना घेऊन बुडते, हे दोघींना सारखंच माहीत होतं. अशी पारख बघायला मिळणं हेसुद्धा भाग्यच, असं बायजाला मनापासून वाटायचं. सासूच्या तोंडावर तसं बोलायची मात्र तिची छाती नव्हती.

आणि शेवटचा न्याय असायचा जिभेचा. मीठ-हळद लावून फोडी झाकून ठेवल्या, की दुपारपर्यंत त्यांना पाणी सुटतं. त्याला खार म्हणायचं. त्या खाराचा एक थेंब तळहातावर घेऊन सोनुबाई जिभेला लावायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "अर्धी मूठ अजून." त्यावर अपील नव्हतं. खार चाखायचा तो हात लावणारणीनंच. दुसरीनं चाखला तर लोणचं उष्टं होतं, असा गावचा पक्का नेम होता.

मग आदल्या आश्विनात मानमोडीचा ताप आला. भिसेगावातली अकरा माणसं पंधरा दिवसांत गेली. सोनुबाई एकोणीस दिवस आडवी होती आणि बायजानं तिला पळी पळी पेज पाजून उठवली. उठल्यावर सासू एकदम गरीब झाली. पूर्वी भाजीत मिठाचा खडा इकडचा तिकडं झाला तर ताट सरकवणारी बाई आता पानात पडेल ते मुकाट्यानं जेवू लागली. दुखण्यानं माणूस निवतं, असं बायजा समजली आणि तिनं देवाचे आभार मानले.

वैशाखात एके दिवशी घरातली पुरुषमाणसं बैलाच्या सौद्याला खालापूरला गेली होती. घरी दोघीच. बायजानं वालाचं बिरडं केलं, सासूला वाढलं, सासूनं दोनदा मागून घेतलं आणि "झकास झालंय गं" म्हणाली. मग बायजा जेवायला बसली आणि पहिल्या घासाला तिचा हात थांबला. बिरड्यात मीठच नव्हतं. ती घालायलाच विसरली होती.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. सासूची चव गेली होती, आणि ती सात महिने कुणाला कळू न देता वावरत होती! मग एक गोष्ट बायजाच्या ध्यानात आली आणि ती अंथरुणात उठूनच बसली. यंदा लोणच्याचं बोलावणं आलं, की सोनुबाई एक नवीन अट घालत होती. मीठ पाट्यावर वाटून, उन्हात वाळवून ठेवा म्हणायची. पूर्वी असलं कधी नव्हतं. बारीक, कोरड्या मिठाची मूठ दरवेळी सारखीच भरते. जीभ गेली तशी या बाईनं आपल्या मुठीचं माप करून घेतलं होतं, आणि यंदाची नऊ घरं नुसत्या मुठीवर पार पाडली होती. बायजाला सासूचा अभिमान वाटला आणि काळजीही. असं किती दिवस निभायचं?

तीन दिवसही निभलं नाही. धाकलू पाटलाच्या आनंदीबाईकडून निरोप आला. पाटलाकडचं लोणचं म्हणजे घरापुरतं नव्हे. आषाढात लावणीला त्यांच्या शेतात तीस-तीस माणसं दिवसभर चिखलात वाकलेली असत, आणि त्यांच्या भाकरीवर कांदा आणि लोणच्याची फोड यापलीकडं काही पडत नसे. ते लोणचं नासलं तर तीस माणसांचं कालवण गेलं, आणि नासलं कुणाच्या हातानं, हे गाव वर्षभर चघळत बसणार.

दोघी पोचल्या तेव्हा पाटलांच्या पडवीत सात-आठ बायका विळ्या घेऊन बसल्या होत्या आणि पाच टोपल्या फोडी तयार होत्या. कोपऱ्यात मिठाची रास होती. जाडं, खडेच्या खडे, वर ओलसर.

"मीठ वाटलं नाय?" सोनुबाईनं विचारलं.

"एवढं मीठ वाटायला माझ्याकडं कुणाला येळ हाय?" आनंदीबाई म्हणाली. ती बाई मनानं वाईट नव्हती, पण तिला कुणी अट घातलेली खपत नसे. "तुमच्या हाताला काय बारीक नि काय जाडं! लावा हात, फोडी काळ्या पडतील."

बायका हसल्या. सोनुबाईनं मूठभर मीठ उचललं आणि अंगठ्यानं चोळून बघितलं. तो अंगठा किती वेळ फिरत राहिला, ते एकट्या बायजानं पाहिलं. मग सोनुबाईनं टोपलीला नेहमीच्या सात मुठी टाकल्या, थांबली, विचार करून आठवी टाकली, हळद लावली आणि कालवून फडकं झाकलं.

दुपारपर्यंत बायका बोलत बसल्या. कुणाचा दीर खोपोलीच्या वीजघरात लागला होता, त्याच्या गोष्टी चालल्या होत्या. बायजाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. सासूला बाजूला घेऊन सांगावं, की मला कळलंय? की गप्प राहावं? सांगितलं तर त्या मानी बाईचं काय होईल, आणि नाही सांगितलं तर पाच टोपल्या लोणच्याचं काय होईल?

फडकं निघालं. खार सुटला होता. सोनुबाईनं थेंब तळहातावर घेतला, जिभेला लावला, डोळे मिटले. सगळ्याजणी तिच्या तोंडाकडं बघत होत्या. बायजाचा जीव टांगणीला लागला. आता "झालं" म्हणून उठली, तर श्रावणापर्यंत कुणाला काही कळणार नव्हतं. आणि कळलं असतं तेव्हा पावसाळी हवेला, बरणीला, नाहीतर अंगणातून गेलेल्या कुठल्यातरी बाईच्या विटाळाला दोष लागला असता. अशा वेळी दोष घ्यायला गावात कुणीतरी गरीब बाई सापडतेच.

सोनुबाईनं डोळे उघडले, हात पदराला पुसला.

"मला चव नाय कळत," ती म्हणाली.

"आँ?" आनंदीबाई म्हणाली. "थट्टा करता का काय?"

"तापात जीभ गेली माझी. आश्विनापासून. मीठ नाय, मिरची नाय, काय बी नाय."

मग शेजारची गोदा घाबरून बोलली, "मावशी, पंधरा दिवसांमागं माझं लोणचं तुमीच घातलंत की!"

"तुझं मीठ वाटलेलं व्हतं. तितं माझी मूठ चुकत नाय. हितं मिठाचे खडे हाईत, हितं मुठीचा भरवसा नाय. दहा जणींत मान मिळतो म्हणून पाटलांचं लोणचं नासवू व्हय मी?" तिनं मान खाली घातली नाही. "बायजे, हात पुढं कर."

"सुनेनं चाखलं तर उष्टं नाय का व्हायचं?" आनंदीबाईनं विचारलं.

"तीस वर्सं मी चाखलं, तवा झालं का उष्टं?"

बायजाच्या तळहातावर थेंब पडला. तिनं तो जिभेला लावला. कमी होतं, चांगलंच कमी. तिनं वर पाहिलं. समोर सासू होती, जिनं आत्ताच सगळ्यांदेखत आपली अब्रू काढून ठेवली होती. त्यावर आणखी तिचं मीठ चुकलं म्हणून सांगायचं? "बरोबर हाय" हे शब्द बायजाच्या ओठांवर आले.

"माझं तोंड बघू नको," सोनुबाई म्हणाली. "चव बघ."

"कमी हाय."

"किती?"

"टोपलीला दोन मुठी."

एका बाईनं तोंडाला पदर लावला. सोनुबाईनं मोजून दोन-दोन मुठी टाकल्या आणि कोपरापर्यंत हात घालून पाचही टोपल्या पुन्हा खालवर केल्या. सगळं मुरू दिलं. मग पुन्हा थेंब.

"अजून एक मूठ, आत्याबाई."

आणखी एक पडली. पुन्हा थेंब. या खेपेला बायजानं डोळे मिटले, आणि ती कुठं बसली आहे, कोण बघतं आहे, ते सगळं विसरली.

"बास," ती म्हणाली. "आज जरा चढं लागतंय, पन मुरल्यावर बसंल."

सोनुबाई तिच्याकडं बघत राहिली. "आज चढं पायजे, हे तुला कुनी सांगितलं? मी तर कदी सांगितलं नाय."

"कुनी नाय. पाच वर्सं तुमच्या मागं उभी हाय की."

सोनुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. हात मिठानं भरलेले, त्यामुळं पुसताही येईना. तिनं ते तसंच वाहू दिलं. आनंदीबाई उठली आणि न सांगता पाण्याचा तांब्या भरून आणून स्वतः तिच्या हातांवर पाणी घालू लागली.

"सोनुबाय," हात धुऊन होत होते तेव्हा मागून एका बाईनं भीतभीत विचारलं, "परवा माझ्याकडं यायचं व्हतं तुमी. येताना सुनेला पन आनाल का?"

"मला काय इचारतीस?" सोनुबाई म्हणाली. "तिला बोलाव. ती येनार असंल तर टोपली घेऊन मी येईन तिच्या मागं."