आज बसनं

शहर दाखवणाऱ्या बसमध्ये कानात घालायला दिलेलं ते काळं बोंड काही केल्या नीट बसत नव्हतं. आत ढकललं की कान ठणकायचा, सैल सोडलं की त्यातली माहिती सांगणारी बाई अर्ध्या वाक्यातच गडप व्हायची. '...आपल्या उजव्या हाताला जो घुमट दिसतो आहे, तो...' तिनं मान वळवली तोवर घुमट मागे पडला होता आणि समोर गाद्यांचं एक बंद दुकान होतं. असू दे. घुमट काय नि गाद्या काय, तिला फक्त बसायचं होतं; दुसरं कुणी नेईल तिकडं निमूट जायचं होतं, आणि एवढीशी इच्छा तोंडातून काढायला निम्मं आयुष्य जावं लागलं होतं.

"बसनं?" सकाळी हॉटेलच्या खोलीत बुटाची नाडी बांधता बांधता नवरा म्हणाला होता. "त्या छत्रीवाल्या गाइडबाईच्या मागं मागं? आपण काय मेंढरं आहोत?"

"माझे पाय दुखतात हो."

"मग हळू चालू."

"मी जाते बसनं. तुम्ही या फिरून."

हे आपणच बोललो? तिचं तिलाच खरं वाटेना. नाडीवरचे त्याचे हात थांबले, आणि वर न बघताच तो "बरं" म्हणाला. नुसतं बरं. चिडला असता, चार शब्द ऐकवले असते, तर ती नेहमीसारखी चप्पल घालून निघालीही असती.

नवीन शहरात गेलं की त्याचा नियम ठरलेला — नकाशा नको, फोन खोलीत ठेवायचा, कुणाला रस्ता विचारायचा नाही. शहर पायांनी बघायचं असतं म्हणे. पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होता, जमिनीखालचे सगळे पाइप तोंडपाठ. पण जमिनीवर मात्र दोन वळणं झाली की गडी बावचळायचा. हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत कळलं होतं. उन्हात त्याच त्या चौकात तिसऱ्यांदा आल्यावर, नव्या नवऱ्याचा पाणउतारा नको म्हणून ती सहज म्हटल्यासारखं म्हणाली होती, "डावीकडं चहा मिळेल वाटतं." तो डावीकडं वळला, आणि मुक्कामाचं हॉटेल सापडलं... तेव्हापासून हेच. कधी चहा, कधी सावली, कधी "त्या गल्लीत काय आहे बघूया का?" — आणि घरी परतल्यावर तो मेहुण्यांना सांगणार, मला रस्ता विचारावा लागत नाही, माझं नाकच नेतं मला. ती पाण्याचे ग्लास पुढं करायची आणि हूं की चूं करायची नाही. लेक तेवढी म्हणायची, "आई, तू एवढं फिरतेस, पण सांगत कधी काहीच नाहीस." काय सांगणार? शिवणाच्या क्लासात कापडावर खडूनं खुणा करायची तशी ती शहरभर नुसत्या खुणा करत हिंडली होती. निळं शटर, मोडका नळ, गॅलरीत वाळत घातलेली लाल चादर. राजवाडे त्यानं पाहिले. तिनं परतीचा रस्ता पाहिला.

"एकट्याच का?" शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं.

"नाही, मिस्टर चालत येताहेत."

"येताहेत म्हणजे... कुठं?"

ती कसनुसं हसली, पण मनात पाल चुकचुकलीच. आज त्याला चहा कुठं मिळेल ते कोण सांगणार? फोनही खोलीतच असणार. जाऊ दे, मोठा माणूस आहे, विचारेल कुणाला... नाही विचारायचा. एक दिवस, एकच दिवस मागितला होता तिनं, आणि त्यातही डोक्यात हाच.

बस सिग्नलला थांबली, आणि पलीकडच्या कोपऱ्यावर तो उभा होता.

चालणाऱ्यांचा दिवा हिरवा झाला, माणसं ओलांडून गेली. तो हलला नाही. त्यानं समोर पाहिलं नाही, पाट्या वाचल्या नाहीत. मान किंचित डावीकडं, मागं वळवली — ती चालते तिथं, अर्धं पाऊल मागं — आणि तसाच थांबला, कान देऊन. एवढ्या वर्षांत तिनं त्याची पाठच पाहिली होती. कोपऱ्यावर तो थांबायचा तेव्हा तिला वाटायचं, विचार करतोय.

म्हणजे त्याला ठाऊक होतं, रस्ता कोण दाखवतं ते.

तिला आधी संतापच आला. हे कळत होतं तर माझे पाय कसे कळले नाहीत? मग वाटलं, उतरावं, दार उघडायला सांगावं. काच ठोकावी निदान. हात मांडीवरून उचललाच गेला नाही. बस सुटली. मान तशीच वळवलेला तो मागं मागं गेला, आणि मध्ये एक ट्रक आला.

"कुणी ओळखीचं दिसलं का?" बाई म्हणाल्या.

"हं? नाही... वाटलं तसं."

आपण त्याला एवढी वर्षं सांभाळून घेतलं, असं धरून ती दमली होती. त्या दमण्यावर तिचा हक्क होता, दुसऱ्या कुणाचा नव्हता. आता मनात आलं, न कळल्याचं सोंग घेऊन तोही दमला असेल का? आज "बरं" म्हणाला, ते सुटल्यासारखं म्हणाला का? तिनं तो आवाज पुन्हा आठवून पाहिला, पुन्हा एकदा, आणि दर वेळी तो निराळाच ऐकू आला.