उरलेले चार मीटर

हिलाल आबांना आयुष्यात दोनच गोष्टींची घमेंड होती. एक, हात थरथरत नाही. दुसरी, गिऱ्हाइकाचा उरलेला माल गुंजभरसुद्धा ठेवून घेत नाही. जळगावच्या सराफ बाजारात ही दुसरी गोष्ट कोणी सांगितली तर लोक मिशीतल्या मिशीत हसत, पण हिलाल आबांच्या बाबतीत कोणी हसत नसे. म्हणून त्या दिवशी सकाळी धुळ्याच्या कॉलेजात पोचल्या पोचल्या आबांनी कोटाच्या खिशातून गुलाबी कागदाची पुडी काढली आणि कुसुमलताच्या हातात ठेवली. आत काचेची तार होती, नीट वेटोळं घातलेली, चार मीटर. दुसऱ्या पेटीतून उरली, एवढंच ते म्हणाले. कुसुमलताने ती न उघडता पर्समध्ये टाकली. तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. परीक्षक दहाच्या सुमारास येणार होते आणि तिच्या आठ वर्षांच्या मेहनतीचा निकाल त्या दिवशी लागायचा होता.

कुसुमलता म्हणजे जळगावच्या सुगनचंद शेठची मुलगी. शेठचं कापडाचं दुकान, आबा त्यांच्या घरचे सोनार. हिचे कान टोचले तेव्हाच्या बाळ्याही आबांनीच घडवलेल्या. मारवाड्याची मुलगी शिकून शिकून किती शिकणार, असं सगळे म्हणत असताना ही धुळ्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागली आणि वर पीएचडीच्या मागे लागली. विषय असा, की घरी सांगायची सोय नाही: काचेच्या तारेतून उजेड पाठवायचा, तो सांकेतिक करून पाठवायचा, आणि पलीकडे पुन्हा उलगडून वाचायचा. त्यासाठी लागायचे कपलर. दोन काचेच्या तारा एकमेकींना बिलगवून तापवायच्या, वितळता वितळता हलकेच ओढायच्या, की एकीतला उजेड दुसरीतही शिरतो. तयार कपलर परदेशातून मागवायचे तर कॉलेज विकावं लागलं असतं. स्वतः करायला गेली तर शंभर तारा तुटल्या. मग एका दिवाळीला ती दुकानात आली असताना आबा नथीचा फासा जोडत होते. ती बराच वेळ त्यांच्या बोटांकडे बघत राहिली आणि काच जोडाल का, असं तिने विचारलं.

आबा जोडायला लागले. अमावस्येला सोनारकाम बंद असतं. तेवढा दिवस मोकळा. दर अमावस्येला पहाटेची एसटी धरून, एरंडोल-पारोळा करत आबा धुळ्याला जायचे आणि संध्याकाळी परत. असे ते दोन वर्षं जात राहिले. तिथली ज्योत हायड्रोजनची, दिवसा डोळ्यांना दिसायचीच नाही. जन्मभर ज्योतीच्या रंगावर काम केलेल्या माणसाला ही थट्टाच होती. पण महिन्या-दोन महिन्यांत आबांनी तिच्यावर मात केली. ज्योत दिसत नसली तरी काच दिसते. काचेची लकाकी एका ठराविक पांढरेपणाला आली की ज्योत काढायची, अर्धा श्वास लवकर नाही की उशिरा नाही. कुसुमलताला तो पांढरेपणा कधी ओळखता आला नाही. आबांच्या घशातून मात्र त्या क्षणाला आपसूक 'हं' असा हुंकार निघायचा.

दोन पेट्या तयार झाल्या. पहिली पेटी उजेडाला सांकेतिक करणारी, दुसरी उलगडणारी. दोन्ही वेळेला तारा मोजून कापायची कुसुमलता, जोडायचे आबा. प्रयोग झाला, आकडे आले, प्रबंध लिहून झाला. तिच्या गाइड सरांनी तेव्हा बजावलं की सोनाराचं नाव कुठेही घालू नकोस, विद्यापीठात लोक हसतील आणि काम तुझं की त्याचं, हा फाटा फुटेल. तिने लिहिलं की सर्व भाग स्वतः तयार केले. ते लिहिल्यावर ती आबांना सांगायला मुद्दाम जळगावला आली होती आणि सांगताना रडवेली झाली होती. आबांना त्यात रडण्यासारखं काही दिसलं नाही. दागिन्यावर सोनाराचं नाव कुठे असतं, असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

मुंबईच्या परीक्षकांना आकडे पटले, पण इतके चांगले आकडे धुळ्यात आले हे पटेना. त्यांनी लिहिलं, मी येतो, समोर करून दाखवा. आणि त्याच महिन्यात प्रयोगशाळेला चुना लावणाऱ्यांनी शिडी टेकवताना दुसरी पेटी खाली पाडली. तिचा चुरा झाला. त्यातच सुगनचंद शेठना अर्धांगाचा झटका आला. कुसुमलता जळगावला दवाखान्यात अडकली आणि तिने आबांना धुळ्याला पाठवलं, हातात मापांची चिठ्ठी देऊन. या वेळी तार मोजायची, कापायची आणि जोडायचीही आबांनीच.

आबांनी चिठ्ठी वाचली आणि शेजारी पहिली पेटी उघडून पाहिली. पेटीत चार वाटा. पहिली सरळ, बाकीच्या तिघींना जास्तीची तार, दोन, आठ आणि बारा मीटर. चिठ्ठीत मात्र चार, दहा आणि बारा. आबांना पोरीची कीव आली. बाप अंथरुणावर, रात्रीचं जागरण, आकडे चुकणारच. दवाखान्यात तिने औषधाचे पैसे दोनदा दिले होते, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. जोडीचा दुसरा नग पहिल्यासारखाच हवा, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. कितीतरी गिऱ्हाइकांच्या चुका त्यांनी न बोलता अशाच सुधारल्या होत्या. ही पण सुधारली. दोन, आठ, बारा. दोन वाटांमधून मिळून चार मीटर तार वाचली, तिची पुडी केली. तिच्या डोक्याला आणखी ताप नको म्हणून चुकीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

परीक्षक आले. माणूस सज्जन होता, आवाज मऊ, कुत्सितपणा कुठेच नाही. सोबत गाइड सर, आणि मुंबईहून उसना आणलेला मोठा ऑसिलोस्कोप, उजेडाचे ठोके पडद्यावर दाखवणारा. तो त्याच दिवसापुरता मिळाला होता, त्यामुळे आधी तपासून पाहायची सोयच नव्हती. आदल्या संध्याकाळी कुसुमलताने पेटीतून उजेड पार जातो एवढं पाहिलं होतं. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे बन्सीलालजीही येऊन बसले. आबा भिंतीशी उभे राहिले. प्रयोगशाळेतले मदतनीस, अशी त्यांची ओळख करून दिली गेली.

सगळं इंग्रजीत चाललेलं पाहून बन्सीलालजी म्हणाले, आमच्यासाठी जरा मराठीत होऊ द्या. मग कुसुमलताने सांगितलं. उजेडाचा एक ठोका पहिल्या पेटीत शिरतो, त्याचे चार होतात. चौघांच्या वाटा कमी-जास्त लांबीच्या, म्हणून चौघे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. हीच सांकेतिक खूण. तिऱ्हाईताला नुसता गलका दिसतो.

"आणि दुसऱ्या पेटीत वाटा बरोबर उलट ठेवल्यात," ती म्हणाली. "जो आधी आला त्याला लांबची वाट, जो उशिरा आला त्याला जवळची. म्हणजे चौघे एकाच क्षणी पोचतात आणि पडद्यावर एक उंच ठोका उठतो. दोन्ही पेट्या सारख्या असत्या तर काहीच वाचता आलं नसतं."

आबांनी दुसऱ्या पेटीतही पहिलीसारखंच दोन, आठ, बारा घातलं होतं. शेवटचं वाक्य त्यांनी मनात दोनदा म्हणून पाहिलं, कुठे ऐकण्यात चूक होते का ते पाहायला. चूक नव्हती. दोन वर्षं ते ती तार जोडत होते आणि उजेड त्यातून कशाला फिरतो, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. बटण दाबायला तिचा हात पुढे गेला, तेव्हा तो धरून ठेवावा असं त्यांना फार वाटलं.

पडद्यावर दहा बुटके कोंब उठले. उंच एकही नाही. तिने जोडण्या तपासल्या, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच दहा. गाइड सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. परीक्षकांनी प्रबंधाचं पान उघडून पडद्याशेजारी धरलं. पानावर एक उंच ठोका छापलेला होता. त्यांची नजर पानावरून पडद्यावर आणि पडद्यावरून पानावर गेली, आणि त्याचा अर्थ तिथल्या सगळ्यांना कळला. पानावरचं चित्र खरं की बनवलेलं, एवढाच आता प्रश्न होता.

कुसुमलता दहा कोंबांकडे बघत उभी राहिली. मग तिने पर्स उघडली, गुलाबी पुडी सोडली आणि तार वीत-वीत मोजली. तिचा हिशेब पक्का असायचा. तार उरायलाच नको होती. तिने मान वर करून आबांकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग असता तर आबांना सोसवलं असतं.

तिने परीक्षकांना सांगितलं की माझ्याकडून माप चुकलंय, दोन वाटांमध्ये दोन-दोन मीटर तार घालायची राहिली, तार इथे आहे, दोन तास द्या. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. चार वाजेपर्यंत आपण थांबू शकतो, असं ते म्हणाले. पेट्या तुम्हीच तयार केल्यात, तेव्हा इथेच करा. आम्हालाही बघायला मिळेल.

एक वाट लांबवायची म्हणजे दोन जोड. दोन वाटांचे चार. आबांचं ते तासाभराचं काम. आबा चार पावलांवर उभे होते, खिशात भिंग होतं, हात मोकळे होते, आणि पुढे यायची सोय नव्हती. ते पुढे आले असते तर काम कोणाचं, ते आंधळ्यालाही कळलं असतं.

ती आबांच्या खुर्चीत बसली. ज्योत पेटली, पेटली हे नुसत्या आवाजावरून कळलं. पहिला जोड तिने धरला. आबांनी काचेकडे पाहिलं, लकाकी चढत गेली, आणि नेमक्या क्षणी ते खोकले. तिने ज्योत काढली. जोड बसला. दुसऱ्या जोडाला आबा पुन्हा खोकले. तोही बसला. पहिली वाट पुरी झाली. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण तिचे खांदे जरा सैल झाले, आणि आबांना वाटलं की निभावतंय बहुतेक.

तिसऱ्याच्या वेळी त्यांनी आधीच घसा साफ करून ठेवला. परीक्षकांनी मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती.

"बाबा, या गॅसचा त्रास होतोय तुम्हाला. बाहेर मोकळ्या हवेत बसा. अरे, कोणीतरी यांना पाणी द्या."

नको, बरा आहे, असं आबा म्हणाले. बन्सीलालजी म्हणाले, जा हो, साहेब म्हणताहेत तर. शिपायाने दंडाला धरून त्यांना अदबीने बाहेर व्हरांड्यात नेलं, बाकावर बसवलं, पाण्याचा पेला हातात दिला आणि आतला दरवाजा ओढून घेतला. आबांना त्या चांगल्या माणसांचा मनस्वी राग आला आणि तो काढायला जागा नव्हती.

व्हरांड्यात बसून ते श्वास मोजत राहिले. जोडाला किती श्वास लागतात हे त्यांना पाठ होतं. नववा झाला, दहावा झाला, आणि ते एकटेच मोठ्याने खोकले. दाराला जाड काच होती. आतून काही ऐकू आलं नाही. मग थोड्या वेळाने पुन्हा मोजलं, पुन्हा खोकले. शिपाई म्हणाला, पाणी प्या ना आबा.

पाऊण तासाने दार उघडलं. आधी परीक्षक आले, जाता जाता आबांकडे बघून आस्थेने मान हलवून गेले. गाइड सर खाली बघत गेले. बन्सीलालजी सर्वांत शेवटी. कुसुमलता नंतर आली आणि बाकावर आबांच्या शेजारी बसली. तिच्या बोटाला भाजलं होतं. तिसरा जोड लोंबला आणि तुटला, ती म्हणाली, नंतर पुन्हा पुन्हा जोडून पाहण्यात होती तेवढी तार संपली. प्रबंध परत पाठवणार आहेत. आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही, असा शेरा मारणार आहेत, आणि पीएचडीच्या नोंदणीची मुदत या महिन्यात संपते.

आबांनी पेला खाली ठेवला. "ताई, हाई मन्हं चुकनं. मी आत्ते जाईसन त्यासले बठ्ठं सांगस. चिठ्ठी बरोबर व्हती म्हनस."

"सांगितलंत तर पेट्या मी केल्या नाहीत हेही सांगावं लागेल, आबा," ती म्हणाली. "मी लिहिलंय मी केल्या. मग ते एकच पान नाही, अख्खा प्रबंध खोटा ठरेल. नोकरीही जाईल."

"मंग मी काय करू?"

काही नाही, असं ती म्हणाली. मग त्यांच्या हातावर हात ठेवून तिने पुन्हा सांगितलं की तुम्ही काहीच करू नका. आबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो अजूनही थरथरत नव्हता.