वरची मूठ

"कुंडलिककाका, या बाईंच्या पिशवीत हरभरा कुनी टाकला?" ऑर्डरी बघणाऱ्या स्नेहलनं कॉम्प्युटरवरून मान वर न करता विचारलं.

कुंडलिकच्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली. वारूळवाडीच्या त्या शेडमध्ये पुण्याच्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी रात्रभर येत, आणि पहाटेच्या गाडीला पिशव्या भरून द्याव्या लागत. बाकीची पोरं कानात गाणी लावून भरत. अख्ख्या रात्रीत कुणी दोन शब्द बोलेल तर शपथ. आज कुणी बोललं, तर हे.

"तक्रार आली का?"

"तक्रार नाय. दर खेपेला न मागता मूठभर घाटे येत्यात म्हनं. इचारतायत, तिथं पिंपळवंडीचं कुनी हाय का?"

बाई म्हणजे वृषाली, कुंडलिकची लेक. तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं तेव्हा 'मला लेक न्हाई' असं भर अंगणात बोलून तो मोकळा झाला होता. मोकळा कसला! बायको आधीच गेलेली, तेव्हापासून घर खायला उठत होतं. म्हणून तर त्यानं रात्रपाळी धरली. या थंडीत एका पिशवीच्या चिठ्ठीवर लेकीचं नाव दिसलं, आणि ती पिशवी तो दुसऱ्या कुणाला भरू देईना.

पूर्वी तो पिंपळवंडीच्या आठवडे बाजारात भाजी विकायचा तेव्हा लहानगी वृषाली शेजारी बसायची. माप झालं की तो म्हणायचा, "पोरी, वरचं टाक." ती आपल्या एवढ्याशा मुठीनं गिऱ्हाइकाला मापावर आणखी मूठभर फुकट घालायची, आणि घाट्यांवरची बोटांना लागलेली आंबट आंब चाटत बसायची. इथं शेडमध्ये वरचं घालायची पद्धत नव्हती. त्यानं ते एकाच पिशवीत घातलं.

"काय कळवू, काका? तुमी पिंपळवंडीचेच ना?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. पण घराबाहेर काढणारा बापच आपली भाजी भरतो, हे कळल्यावर तिनं ऑर्डरच बंद केली तर? कुंडलिक भ्याला. लेकीचं म्हणून तेवढी एक पिशवीच त्याच्याकडं उरली होती.

"न्हाई म्हनावं. चुकून पडलं म्हनावं."

स्नेहलनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि तसं कळवलं.

पुढच्या आठवड्यात वृषालीची ऑर्डर आली. मेथी, वांगी, टोमॅटो नेहमीचेच. खाली पहिल्यांदाच होतं, ओला हरभरा, पाव किलो.

लेक आता विकत मागत होती. कुंडलिकनं घाटे तोलले, पाव किलो बरोबर भरले. मग सवयीनं मूठ भरली आणि पिशवीवर नेली. वरचं घातलं असतं तर ते 'हो, मीच' म्हटल्यासारखंच झालं असतं. बराच वेळ मूठ तशीच राहिली. शेवटी त्यानं ती ढिगावर रिकामी केली आणि पिशवीला गाठ मारली.

गाडी गेली. शेडच्या दारात उभं राहून त्यानं बोट जिभेला लावलं. आंबट लागलं.