एकशे आठ मिनिटं

प्लेऑफच्या, म्हणजे लीगनंतरच्या बाद फेरीच्या, टीमची यादी ड्रेसिंग रूमच्या दारावर लागली आणि तीत वरदा गायकवाडचं नाव नव्हतं. एकोणीस वर्षांची वरदा सात वर्षं नॉटिंगहॅमच्या या आइस हॉकी क्लबकडून खेळत होती. सिझनभर तिनं एकही प्रॅक्टिस चुकवली नव्हती.

तिनं कोच ग्रॅहमला तिथेच गाठलं.

"अठरा मॅचमध्ये तुझे नऊ पॉइंट," तो म्हणाला. "मेगनचे अठरा. आकडे मी तयार करत नाही."

गोल केला की एक पॉइंट, गोलसाठी पास दिला की एक. क्लबच्या तक्त्यात तेवढंच लिहिलं जायचं.

बाहेर आई, मालविका, गाडीत वाट पाहत होती. वरदानं किटबॅग मागे आदळली.

"माझा चूक काय आहे, आई? तो मला बर्फावर सोडतच नाही! दोन मिनिटं खेळले की बेंचवर!"

एरवी मालविका 'माझी चूक' म्हणून लगेच दुरुस्त करायची. त्या दिवशी तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅचचे व्हिडिओ आहेत ना तुमच्याकडे?"

मालविका हॉस्पिटलच्या ऑडिट विभागात होती. कुठल्या वॉर्डात किती पेशंट तोल जाऊन पडले एवढंच मोजून वॉर्ड चांगला की वाईट ठरत नाही. तिथे किती पेशंट किती दिवस होते तेही बघावं लागतं. वीस वर्षं ती नव्या डॉक्टरांच्या कानीकपाळी हेच ओरडत आली होती.

शनिवार-रविवार दोघी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसल्या. हॉकीत खेळाडू मिनिटा-मिनिटाला बदलतात. कोण बर्फावर उतरली, कोण परत गेली, सगळं स्टॉपवॉच लावून लिहिलं. वरदा अठरा मॅचमध्ये मिळून एकशे आठ मिनिटं खेळली होती. मेगन तीनशे साठ. तासाचा हिशेब केला तर मेगनचे तीन पॉइंट, वरदाचे पाच.

"बघ!" वरदा ओरडली.

पण सगळ्यात वर तिसरंच नाव होतं. हॉली. नव्वद मिनिटं, आठ पॉइंट, म्हणजे तासाला पाचच्या वर. तीही यादीत नव्हती.

"हॉलीची ओळ काढून टाकू," वरदा म्हणाली. "एकच जागा मिळाली तर?"

मालविकानं लॅपटॉप फटकन मिटला. "मग तुझ्यात आणि त्या ग्रॅहममध्ये फरक काय? सोयीचा आकडा दाखवायचा असेल तर मी तुझ्याबरोबर येणार नाही."

वरदा जिना दणदणवत वर गेली. तासाभरानं खाली आली आणि तिनं हॉलीच्या ओळीसकट कागद प्रिंट केला.

मायलेकी ग्रॅहमकडे गेल्या तेव्हा त्यानं तो उभ्याउभ्याच वाचला. "मेगन समोरच्या टीमच्या सगळ्यात तगड्या खेळाडूंविरुद्ध खेळते. वरदा आणि हॉली उरलेल्यांविरुद्ध. शिवाय एकशे आठ मिनिटं म्हणजे काय? दोन मॅचसुद्धा नाहीत. एवढ्याशा वेळावरून काही सांगता येत नाही."

त्यात तथ्य होतं, हे मालविकाला कळत होतं. म्हणूनच तिचं डोकं जास्त फिरलं. "वेळ कमी आहे, कारण तो तुम्ही दिला नाहीत," ती म्हणाली. "आधी द्यायचा नाही, आणि मग कमी आहे म्हणून हिणवायचं?"

ग्रॅहम लालबुंद झाला. शेवटी तो कबूल झाला. लीगची एकच मॅच उरली होती. तीत दोघींना बारा-बारा मिनिटं, तीही तगड्या खेळाडूंसमोर.

त्या मॅचमध्ये वरदा जीव तोडून खेळली. तिचा एक फटका गोलच्या खांबाला लागून परत आला. हॉलीनं दिलेला पास तिच्या स्टिकवरून निसटला. बारा मिनिटं संपली तेव्हा दोघींच्या नावावर काही नव्हतं. टीम जिंकली, मेगनच्या गोलवर.

ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांसमोर ग्रॅहम म्हणाला, "मिळालं ना उत्तर?"

वरदानं हेल्मेट जमिनीवर आपटलं. "एकशे आठ मिनिटं कमी होती, आणि बारा पुरली?"

स्केट सोडत बसलेली मेगन मान वर न करता म्हणाली, "बरोबर बोलतेय ती."

"यादी तीच राहील," ग्रॅहम म्हणाला आणि दार लावून निघून गेला.

टीम प्लेऑफला गेली आणि पहिल्याच फेरीत हरली. वरदाला आनंद होईल असं वाटलं होतं, तो झाला नाही. उन्हाळ्यात तिनं बर्मिंगहॅमच्या एका क्लबमध्ये ट्रायल दिली आणि तिची निवड झाली. जायला तास, यायला तास, पण मालविका न्यायला तयार होती.

वरदानं हॉलीला फोन केला. "तूही ये ना. तू माझ्यापेक्षा चांगली आहेस, मोजलंय आम्ही."

"मला नाही जमणार," हॉली म्हणाली. "आमच्याकडे गाडी नाही. प्रॅक्टिस संपेपर्यंत शेवटची ट्रेन जाते."

"आई तुलाही नेईल."

"आठवड्यातून तीनदा? वर्षभर?" हॉली हसली. "राहू दे. ग्रॅहम पुढच्या वर्षी मला जास्त खेळवणार आहे. म्हणालाय तसं."

फोन ठेवल्यावर वरदा स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिली. स्वतःचं नाव यादीत नव्हतं, त्या दिवशीही तिला इतका संताप आला नव्हता.