पालखीपुढचा माणूस

एका घराने नाही म्हटलं आणि दांडवाडीचा मानाचा नारळ अडला. घर कमलाकर उतेकरचं. वनखात्यातून निवृत्त झालेला वनरक्षक, उजव्या पायात लोखंडी सळई, हातात काठी आणि जिभेवर बाराही महिने मिरची.

उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीची रीत जुनी होती. शिमग्याला सोमजाईची पालखी देवळातून निघे, तेव्हा ज्याने गावाचं नाव काढलं त्याला मानाचा नारळ मिळे. नारळ मिळाला की पालखीचा पुढचा दांडा त्याच्या खांद्यावर. मागचे गडी बदलत, पण पुढच्याने शेवटच्या घरापर्यंत खांदा काढायचा नाही. आणि ज्याच्या हातून नारळ दिला जाई, तो पालखीच्या पुढे चाले. त्याला ओलांडून पालखी जात नसे. नारळ कुणाला द्यायचा ते गावकी ठरवे. मात्र एक जरी घर अडून बसलं तरी नारळ देवीपुढेच राहायचा. आजवर कोणी अडलं नव्हतं. सैन्यातला सुभेदार, नर्स होऊन परदेशी गेलेली पोर, अशांना कोण कशाला नाही म्हणेल?

यंदा नाव होतं अक्षय सकपाळचं. देशपातळीवरची मोटार रॅली पठ्ठ्या दुसऱ्यांदा जिंकून आला होता. पोलादपूरच्या नाक्यावर त्याचा फोटो एवढा मोठा लागला होता की मागचं हॉटेल दिसेना. फोटोखाली लिहिलं होतं, ‘आंबेनळीचा वाघ’.

“वाघ!” एसटीतून उतरून कमलाकर त्या फलकाकडे बघत म्हणाला होता. “खैरचोर म्हना की.”

गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती, म्हणून तर कोणी काढत नव्हतं. रॅलीच्या आधी अक्षय चोरीचा खैर वाहायचा. जंगलात खैर चोरून तोडायचे, साल काढून लाल ओंडके पिकअपमध्ये भरायचे, आणि काताच्या धंद्यातल्या दलालांकडे ते पोचवायला घाटात गाडी पळवणारा पोरगा लागायचा. अक्षय तसा होता. एका संध्याकाळी, चांगला उजेड असताना, कमलाकर आंबेनळी घाटातल्या तपासणी नाक्यावर रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. अंगात खाकी, एक हात वर. वळणावरून पिकअप आली. समोरचा रस्ता सरळ होता, मोकळा होता. गाडी थांबली नाही.

खैराच्या चोरीसाठी अक्षय तुरुंगात गेला, शिक्षा भोगून आला. पायाचं मात्र कोर्टात निराळंच झालं. ब्रेक लागले नाहीत, असं त्याच्या वकिलाने सांगितलं. तपासायला गाडी शिल्लक नव्हती. पुढच्या वळणावर ती दरीत गेली होती, आणि अक्षय त्याआधीच उतरला होता. ब्रेक नसलेल्या गाडीतून माणूस अंगावर ओरखडा न येता उतरतो कसा, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. अपघात ठरला.

देवळात गावकी बसली तेव्हा अध्यक्ष दीपक, म्हणजे वाडीतला किराणा दुकानदार, आवाजात साखर घालून म्हणाला, “कमलाकरदा, शिक्षा भोगली ना त्यानं? झालं गेलं गंगेला मिळालं. किती दिवस धरून बसनार?”

“शिक्षा खैराची भोगली. मी खैर हाय का?”

शिमग्याला आलेल्या एका मुंबईकराने तोंड घातलं. “काका, स्पोर्ट अलग, पर्सनल लाइफ अलग. मिक्स नाय करायचं.”

“अलग कसं रे?” कमलाकरचा आवाज चढला. “टीवीवर सांगतोय, म्हाबळेश्वरची स्ट्रॉबेरी वाहून गाडी शिकलो. स्ट्रॉबेरीच्या मागं जंगलखातं लागतं काय? तो पळायला शिकला तो आमच्यापासून. त्याचा पयला कप म्हंजे माझा पाय हाय.”

घंटेखाली बसलेलं मांजर उठून गेलं.

“कप त्याचाच हाय,” कमलाकर जरा खाली येऊन म्हणाला. “गाडी चालवावी तर त्यानंच, ह्ये मी पन मानतो. पन त्या दिवशी ब्रेक लागत व्हतं का नव्हतं, येवढं त्यानं देवीम्होरं सांगावं आनि नारळ न्यावा. नायतर नारळ हितंच.”

खरं तर हा प्रश्न त्याला पायापेक्षा जास्त सलत होता. पायाची सवय होते. पण आपण त्या पोराला दिसलो होतो की नाही, माणूस म्हणून दिसलो की वाटेतला धोंडा म्हणून, हे कळल्याशिवाय त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. बायकोच्या मोबाईलवर तो अक्षयच्या शर्यती चोरून बघायचा. वेग बघायला नाही, ब्रेक बघायला. चिखलात, उतारावर, वळणाच्या तोंडाशी अक्षय गाडी अशी रोखायचा की कमलाकरच्या तोंडून नकळत “वा रे गड्या” निघायचं, आणि मग स्वतःचाच एवढा संताप यायचा की मोबाईल उशीखाली कोंबून तो अंगणात जाऊन बसायचा.

त्या बैठकीनंतर गावाने काय केलं? काहीच केलं नाही. वाळीत टाकलं असं कोणी म्हणालं नाही. तसं म्हणायला आता कायद्याने बंदी आहे. फक्त जानकी, म्हणजे कमलाकरची बायको, दळण घेऊन गेली की चक्कीचा पट्टा तुटलेला असायचा. तिची पाठ वळली की पट्टा जोडला जायचा. दीपकच्या दुकानात तिला साखर मिळेना. पोरं घरासमोरून मोटारसायकली मुद्दाम गुरगुरवत नेऊ लागली, आणि एकाने कुंपणावर कोळशाने लिहिलं, ‘लंगडा घोडा’. शेवटी निरोप आला की नारळ नाही तर पालखीही सगळ्या घरी जाईलच असं नाही.

हा घाव जानकीच्या वर्मी बसला. लग्न होऊन आल्यापासून तिने एकदाही देवीची ओटी चुकवली नव्हती.

“पालखी दारावरून फिरली तर मी कुनाला तोंड दावू?” ती चुलीपुढे बसून म्हणाली. “तुमचा पाय गेला ता गेला. आता देवी पन घालवा.”

“देवी माझी नाय का गो?”

“देवी गावाची हाय. आनि गाव त्याचा झालाय.”

बाई खरं बोलत होती, म्हणूनच कमलाकरला ते जास्त झोंबलं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी सकाळी अक्षय स्वतः आला. एवढी मोठी गाडी चिरे बसवलेल्या अरुंद पाखाडीच्या तोंडाशी लावली की गुरांना वाट उरली नाही. सोबत प्रियदर्शिनी नावाची मुंबईची बाई होती. टायरच्या ज्या कंपनीचं नाव अक्षयच्या अंगरख्यावर होतं, त्या कंपनीसाठी ती त्याच्यावर फिल्म करत होती. तिला त्याने गाडीतच बसवलं आणि एकटा पडवीत आला. कमलाकरच्या पाया पडला.

“कुठल्या पाया पडलास?” कमलाकरने विचारलं. “चांगल्या का मोडक्या?”

अक्षय हसायला गेला आणि थांबला. “काका, मला माहीत हाय तुमचा राग. मुंबईत चांगला सर्जन हाय माझ्या वळखीचा. पुन्हा ऑपरेशन करू. सगळं मी बघतो.”

“पाय राहू दे. ब्रेक लागत व्हतं का?”

“कोर्टात झालंय ना ता.”

“कोर्टात तुझा वकील बोलला. तू कवा बोललास?”

अक्षय बाहेर गाडीकडे बघत राहिला. “काका, आता कुठं नाव होतंय माझं,” तो हळूच म्हणाला. “गाडीतली ती बाई शूट करतेय. आता ह्ये सगळं उकरून काय भेटनार तुम्हाला?”

कमलाकरने त्याला नीट निरखलं. खांदे भरलेले, मान ताठ, चेहऱ्यावर उन्हापावसाचा एक डाग नाही. त्याला या पोराचा मनापासून तिटकारा आला. आणि त्याच क्षणी त्याला वाट सुचली, इतकी साधी की इतके दिवस कशी दिसली नाही याचंच नवल वाटलं.

“बरं,” तो म्हणाला. “हो म्हनतो. पन नारळ माझ्या हातून द्यायचा.”

अक्षयच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याने पुन्हा वाकून नमस्कार केला, या वेळी घाईत. तासाभरात दीपक साखरेची पुडी घेऊन हजर झाला. चक्कीचा पट्टा दुरुस्त झाला. सगळ्या वाडीत बोभाटा झाला की म्हातारा नरमला, आणि वर मोठेपणाने स्वतःच्या हाताने नारळ देतोय. गेली काही वर्षं नारळ दीपकच देई आणि पालखीपुढे ताडताड चालत दुपारच्या जेवणाच्या आत सगळी घरं उरकून टाकी. त्यामुळे पुढे चालणं हाही काही मान आहे, हे गाव विसरूनच गेलं होतं.

फक्त जानकीने रात्रीचं ताट वाढताना विचारलं, “तुमच्या डोक्यात काय हाय?”

“चालायचं हाय,” कमलाकर म्हणाला आणि भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे गर्दी मावेना. खालूबाजावाल्यांनी ढोल तापवले होते, सनई चढली होती. कमलाकरने धुतलेला सदरा घातला होता. गुरवाने हातात दिलेला नारळ त्याने अक्षयच्या ओंजळीत ठेवला. टाळ्या झाल्या, प्रियदर्शिनीने हवा तसा फोटो घेतला. अनवाणी अक्षयने पालखीचा दांडा खांद्यावर घेतला, मागून दोघांनी उचलली, आणि कमलाकर पुढे होऊन काठी टेकत चालू लागला.

एक पाऊल. काठी. दुसरा पाय ओढून जवळ. मग पुन्हा काठी.

पहिल्या घरापर्यंत लोकांना काही वाटलं नाही. दुसऱ्या घराशी मागचे गडी बदलले. तिसऱ्या घराकडे वळेपर्यंत ढोलवाल्यांचा ताल दोनदा तुटला. इतक्या सावकाश वाजवायची त्यांना सवयच नव्हती. फाल्गुनाचं ऊन टाळूवर आलं. पाखाडीचे चिरे तव्यासारखे तापले. शिसवी पालखी, त्यात चांदीचे मुखवटे, आणि पुढचा सगळा भार उतारावर अक्षयच्या एका खांद्यावर. त्याच्या पाठीवरून घामाचे ओहोळ वाहू लागले. देशातला सगळ्यात वेगवान माणूस एका लंगड्याच्या मागे गोगलगायीच्या चालीने चालला होता, आणि त्याला ओलांडायची कुणाची छाती नव्हती, कारण रीत म्हणजे रीत.

“कमलाकरदा, जरा पाय उचल की,” दीपक कानाशी येऊन पुटपुटला.

“उचलला असता. मोडलाय.”

प्रियदर्शिनी कॅमेरा सांभाळत पुढे आली. “काका, प्लीज, थोडं फास्ट चालता येईल का? शॉट फार स्लो जातोय.”

“यायचं की मला फास्ट चालता,” कमलाकर थांबून गोड आवाजात म्हणाला. “ह्यालाच इचारा.”

तिने अक्षयकडे बघितलं. अक्षय खाली बघत होता. गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग हसू विझलं. लोकांना एव्हाना कळलं होतं काय चाललंय. काहीजण कमलाकरला दबक्या आवाजात शिव्या देऊ लागले. “देवीचा खेळ मांडलाय म्हाताऱ्यानं,” मुंबईकर म्हणाला. पण बायाबापड्या कमलाकरच्या पायाकडे बघत होत्या. इतकी वर्षं तो पाय गावात होता, पण एवढा वेळ त्याच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं.

कमलाकरचं घर सगळ्यात शेवटी, उताराच्या टोकाला. त्याच्या अलीकडे वाट सरळ आणि मोकळी होते. तिथे आल्यावर कमलाकर थांबला. मागे वळला. काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला, नाक्यावर केला होता तसाच.

अक्षय जागच्या जागी थांबला. मागचे गडी दांड्यावर आदळता आदळता सावरले. ढोल थांबले, सनईचा सूर अर्ध्यात तुटला. उन्हात नुसती माणसांची धाप ऐकू येत होती.

“थांबता येतं की रे तुला,” कमलाकर म्हणाला.

अक्षयच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. खांद्यावरचं कातडं सोलवटून लाल झालं होतं. त्याने मान वर केली आणि पहिल्यांदा कमलाकरच्या डोळ्यात बघितलं. दीपक लगबगीने पुढे सरसावला, “वाजवा रे, वाजवा,” म्हणाला. पण कोणी टिपरी उचलली नाही.

“तवा पन येत व्हतं,” अक्षय म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण तेवढ्या शांततेत तो मागच्या गड्यांनाही ऐकू गेला. “ब्रेक लागत व्हतं, काका.”

“आनि मी?”

“दिसला व्हता. वळनावरूनच दिसला व्हता. वाटलं, तुमीच बाजूला व्हाल.”

एवढी वर्षं ज्यासाठी कमलाकरने जीव टांगून ठेवला, ते उत्तर हेच होतं, आणि त्याने काही हलकं वाटलं नाही. उलट पायात नव्याने कळ उठली. प्रियदर्शिनीने कॅमेरा कधीच खाली केला होता. जानकी ओटीचं ताट घेऊन दारात उभी होती.

अक्षयने खांद्यावरचा दांडा सोडवायला हात वर नेला. “नारळ परत घ्या, काका.”

“नारळ तुझाच हाय. शर्यत तू मारलीस,” कमलाकर म्हणाला. “माफी मागू नको, ती माझ्याकडं नाय.” त्याने हात खाली घेतला, काठी पुन्हा उजवीकडे धरली आणि पाठ फिरवली. “आनि खांदा काढू नको. माझं घर आजून यायचं हाय.”

मग तो चालू लागला. एक पाऊल, काठी, दुसरा पाय ओढून जवळ. आणि पालखी त्याच्या मागून.