त्या दोघांचा भाग

"झोपलेत," ती दार अर्धंच उघडून म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय."

नवऱ्याचा कामावरचा जोडीदार जिन्यात उभा होता. चार मजले चढून त्याला धाप लागली होती. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि मित्राच्या घरी मात्र पायांनी चढायचं, असा विनोद तो दर खेपेला करत असे. आज त्यानं तो केला नाही. खिशातून एक पेनड्राइव्ह काढून तो म्हणाला, "वहिनी, सापडला. आपला तो भाग. विहिरीचा. कुठं कुठं विचारलं म्हणून सांगू. शेवटी एका जुन्या कॅसेटवाल्याकडे मिळाला, त्यानं यात उतरवून दिला."

"बरं झालं."

"त्या बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या ना, आवडीचं जुनं काही दाखवा, शब्द येतील म्हणून. बसतो मी थोडा वेळ. उठला की लावू."

"भावजी, दुपारची झोप मोडली की रात्रभर तळमळतात. परत या कधीतरी."

तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला. दोघांनीही तो ऐकला आणि दोघांनीही ऐकला नाही असं दाखवलं. जोडीदारानं पेनड्राइव्ह तिच्या हातावर ठेवला. "असू दे तुमच्याकडे," म्हणाला आणि कठड्याला धरून उतरू लागला.

नवरा खिडकीजवळच्या खुर्चीत टक्क जागा होता. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्याचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा असे आणि तोंडातून 'अं' आणि 'ह' यापलीकडे काही येत नसे. त्यानं दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती शिवणाच्या मशीनवर जाऊन बसली आणि अर्धवट राहिलेला पडदा सुईखाली सरकवला.

खोटं बोलल्याचं तिला वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्याहून मोठी एक भीती तिच्या पोटात होती. रोज सकाळी ती नवऱ्यासमोर बसून एकेक वस्तू दाखवायची. कप. कात्री. चष्मा. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवायची आणि वाट बघायची. तो तिच्याकडे बघत राहायचा, ओठ हलवायचा, घामाघूम व्हायचा. त्याचा पहिला शब्द येईल तेव्हा समोर आपण असावं, एवढंच तिला हवं होतं. आणि तो जोडीदारासमोर येईल याची तिला मनातून खात्री होती.

'जोडीदार' हा शब्दच तिला लग्नापासून टोचत आला होता. लिफ्टच्या कामात माणसं जोडीनं असतात. एक वर मशीनच्या खोलीत, दुसरा खाली लिफ्टच्या छतावर, अंधारात, दोरांच्या मधे. वरच्यानं चुकून बटण दाबलं तर खालचा गेलाच. म्हणून कंपनीत प्रत्येकाला एक जोडीदार असे, आणि बहुतेकांचे बदलत. या दोघांची जोडी मात्र कधी फुटली नाही. "माझा जोडीदार येणार आहे," असं नवरा म्हणायचा आणि तिला वाटायचं, मग मी कोण? मी बायको. जोडीदार तो.

बरं, तो माणूस वाईट असता तर भांडता आलं असतं. तो सरळ होता. मुलीच्या लग्नात त्यानं खुर्च्या उचलल्या, ती स्वतः आजारी पडली तेव्हा इस्पितळात रात्री बसला. एकटा जीव, लग्न केलं नाही. नावं ठेवायला जागाच नव्हती, आणि हेच तिला सगळ्यात जास्त खुपायचं.

आणि तो भाग. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा टीव्हीवर अंतराळयानाची एक मालिका लागायची. दर आठवड्याला जोडीदार यायचा आणि दोघं एकाच सतरंजीवर भिंतीला टेकून बसायचे. त्यातल्या एका भागानं त्यांना वेडच लावलं. यानावरचा एक अधिकारी परग्रहावरचा असतो, न हसणारा, गळ्यावर खवले असलेला. त्याच्या लोकांची एक रीत असते. वयात आलेल्या प्रत्येकाला आयुष्यात एकदा ग्रहावरच्या एका अंधाऱ्या विहिरीत उतरावं लागतं. उतरण्याआधी त्यानं आपलं नाव काठावरच्या एका माणसाकडे ठेवायला द्यायचं. तो माणूस वरून त्या नावानं हाक मारेल तेव्हाच वर यायचं. दुसऱ्या कुणाची हाक चालत नाही. अधिकाऱ्याची वाग्दत्त वधू नाव घ्यायला दुरून आलेली असते. आणि तो नाव देतो यानाच्या कप्तानाला. आपल्या मित्राला.

"आपल्याकडे लोक नुसती नावं ठेवतात," जोडीदार तेव्हा म्हणाला होता. "हे बघ, नाव ठेवायला देतात."

दोघं पोट धरून हसले होते. शेवटी कप्तान रात्रभर काठावर बसतो, पहाटे हाक मारतो आणि तो अधिकारी वर येतो, तेव्हा दोघांचेही डोळे भरलेले तिनं पाहिले. वर एक, खाली एक. त्यांना ते आपल्यावरच बेतलेलं वाटलं असणार.

तिनं चहाचे कप उचलताना विचारलं होतं, "त्या बाईचं काय झालं पुढं?"

"कोणती बाई?" दोघंही एकदम म्हणाले होते.

जोडीदार परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तू दाखवून झाल्यावर तिनं पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. नवऱ्याच्या शेजारी स्टूल ओढून बसली. शब्द यायचा असेल तर आत्ता, माझ्यासमोर येऊ दे, असं मनात म्हणाली.

चित्र पिवळट होतं, आवाज खरखरत होता. पण नवऱ्यानं मान सरळ केली. खवलेवाला अधिकारी पडद्यावर आला तशी त्याच्या तोंडाची चांगली बाजू हसली. ती त्याच्याकडेच बघत होती. वधू आली, उभी राहिली, काही न बोलता वळून गेली. मग विहीर आली. कप्तान काठावर गुडघे टेकून आत वाकला.

नवऱ्याचा चेहरा ताणला गेला. मानेच्या शिरा वर आल्या.

"हा," तो म्हणाला. "हा... हात?"

स्वच्छ शब्द. तिनं झटकन आपला हात त्याच्या डाव्या हातात दिला, दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि म्हणाली, "हा काय, इथंच आहे."

त्यानं हात झटकला. कुणी कामात लुडबुड केल्यावर झटकावा तसा. खाली जमिनीकडे पाहत, जास्त मोठ्यानं म्हणाला, "हात?"

"अहो, दिला ना हात."

"हात?"

भाग संपला तरी तो विचारत होता. मग थकून गप्प झाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

पुढचे काही दिवस तोच एक शब्द घरात होता. जेवताना, अंघोळ घालताना, ती मशीन चालवत असताना. दर वेळी त्याच्या आवाजात प्रश्न असायचा आणि काहीतरी कानावर पडण्याची वाट बघितल्यासारखा तो थांबायचा. तिनं त्याचा लुळा हात चोळून पाहिला. हातमोजे आणून दिले. मुलीला फोनवर सांगितलं तर मुलगी आनंदानं रडली. "बाबा बोलले," एवढंच तिला पुरेसं होतं. कामाचं घरी बोलायचं नाही हा त्याचा नियम, त्यामुळे त्या शब्दाचं मूळ कुठं असेल हे तिला उमगेना. पण कुणाला विचारावं लागणार, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणूनच तिनं इतके दिवस काढले.

शेवटी शेजारणीला घरी बसवून ती निघाली. जोडीदार ज्या ऑफिसच्या इमारतीत काम करत होता तिथं तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं आणि समोर दुरुस्तीची पाटी आडवी लावलेली होती. ती पाटीजवळ थांबली. आत काळोख होता, तेलाचा वास होता, आणि दोर किंचित थरथरत होते.

वरून कुठून तरी जोडीदाराचा आवाज घुमत आला. "हात?"

तिच्या डोक्याच्या थोडं वर, मधेच थांबलेल्या लिफ्टच्या छतावरून, एका अनोळखी माणसानं उत्तर दिलं. "बाहेर."

पुन्हा वरून, "हात?"

"बाहेर, बाहेर. किती वेळा सांगू?"

मग दोर हलले आणि लिफ्ट सावकाश वर गेली.

ती तिथंच उभी राहिली. म्हणजे तो तिचा हात मागत नव्हता. स्वतःच्या लुळ्या हाताबद्दलही बोलत नव्हता.

काम थांबल्यावर जोडीदार कापडाला हात पुसत जिन्यानं खाली आला. तिला पाहून घाबरला. "काय झालं?"

"बोलले ते. हात, म्हणाले. मी माझा हात दिला."

त्यानं हातातलं कापड खिशात कोंबलं. मग म्हणाला, "तुम्ही दिलात ते बरोबरच होतं वहिनी. तुम्हाला कुठून कळणार." आणि लिफ्टकडे मान करून म्हणाला, "वर तो असायचा, खाली मी. खालच्याचे हात दोरांबाहेर आहेत हे ऐकल्याशिवाय वरच्यानं बटण दाबायचं नाही. आता वरची जागा माझी. हा नवा माणूस उत्तर बरोबर देतो, पण माझाच विश्वास बसत नाही. दोनदा विचारतो."

"भावजी, त्या दिवशी ते झोपले नव्हते."

"माहीत आहे मला."

त्यानं एवढंच म्हटलं. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"संध्याकाळी येऊ का?" त्यानं विचारलं.

"आज नको. मी कळवते."

घरी परत जाताना ती भरभर चालत होती. उत्तर आता तिच्याजवळ होतं. एकच तर शब्द. तो आपण दिला तर काय बिघडलं? इतकी वर्षं त्याचं सगळं आपणच करतो, हेही आपणच करू. जोडीदाराला मग यायचं कारणच उरणार नाही.

शेजारीण गेल्यावर ती नवऱ्यासमोर बसली. फार वेळ थांबावं लागलं नाही.

"हात?"

"बाहेर," ती म्हणाली.

त्यानं दचकून तिच्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. त्याच्या डोळ्यांत ओळख होती, मायाही होती. लहान मूल मोठ्यांच्या चपला घालून चालायला लागलं की आपण बघतो, तसं बघत होता. मग त्यानं तिच्या खांद्यावरून दाराकडे नजर टाकली आणि हळूच विचारलं, "हात?"

"बाहेर. अहो, बाहेर आहेत हात. सगळं ठीक आहे."

त्यानं नकारार्थी मान हलवली. डाव्या डोळ्यातून पाणी गालावर आलं. ते पुसावं की नाही हेही तिला कळेना. आतून ती जळत होती आणि त्याच वेळी तिला त्याची कीव येत होती. कुणीतरी खाली अंधारात अडकलंय आणि उत्तर देत नाहीये, असं हा माणूस इतके दिवस धरून बसला होता. जेवताना, झोपताना.

तिनं फोन उचलला. "भावजी, या," म्हणाली. "आत्ताच या."

जोडीदार आला तेव्हा त्याच्या बाहीला तेल लागलेलं होतं. तो दारातच थांबला, तिच्या परवानगीसाठी. ती बाजूला झाली.

नवऱ्यानं त्याला पाहिलं. ओठ थरथरले. "हात?"

"बाहेर," जोडीदार म्हणाला.

नवऱ्याच्या छातीतून मोठा श्वास सुटला. खांदे खाली आले. मग तो हसला, वाकडं, अर्ध्या तोंडानं, पण असं की ते हसू तिनं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. खरं तर तिच्याकडे बघून तो असा कधी हसला होता का, हे ती आठवत राहिली. जोडीदार जमिनीवर त्याच्या खुर्चीला टेकून बसला.

तिनं दोघांना चहा दिला. टीव्हीवर भाग लावून दिला. तयार झालेले पडदे पिशवीत भरले आणि म्हणाली, "मी हे देऊन येते. वेळ लागेल."

"जा वहिनी. मी आहे."

ते वाक्यही तिला टोचलं. पण ती गेली.

गिऱ्हाईक बाई प्रेमळ होत्या, बोलघेवड्या होत्या. स्टूल त्यांनीच धरलं. ती वर चढून एकेक कडी दांड्यावर सरकवू लागली, दोन टाचण्या ओठांत धरून.

"मिस्टरांची तब्येत कशी आहे?"

तिनं मान हलवली, बरी आहे अशा अर्थानं.

"बोलतात का आता?"

पुन्हा मान हलली.

"अरे वा. आणि सगळ्यात आधी काय बोलले हो?"

तिनं उरलेल्या कड्या अडकवल्या. घाई केली नाही. मग ओठांतल्या टाचण्या काढून पोलक्याच्या गळ्याला टोचल्या.

"मला हाक मारली," ती म्हणाली.

"नशीब काढलंत."

"हो," ती म्हणाली आणि स्टुलावरून उतरली. "पडदा जरा ओढून बघा. कुठं अडकत नाही ना?"

बाईंनी ओढला. पडदा एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सरळ गेला आणि खोलीत सावली झाली.