टोपीवाल्यांचा वरचा मजला

ट्रामला कुणाची ना नव्हती. ना असती तर बरं झालं असतं, असं तामाएबाईंना अलीकडे वाटायला लागलं होतं. ना म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. 'विचार करतो' म्हणणाऱ्याचं काय करायचं?

गल्लीवर छत होतं, छताखाली बेचाळीस दुकानं होती आणि त्यातल्या एकतीस दुकानांची शटरं खाली होती. तामाएबाईंचं बटणं, लेस आणि दोऱ्यांचं दुकान उघड्यांपैकी एक. तेही गिऱ्हाईक येतं म्हणून नव्हे, घरात बसून करायचं काय म्हणून. व्यापारी मंडळाचं चिटणीसपद नवरा गेल्यावर आपोआप त्यांच्या अंगावर पडलं. एकोणीस वर्षांपूर्वी लग्न करून त्या या गल्लीत आल्या, तरी अजून 'नव्या'च होत्या. नव्या माणसाने कागद सांभाळायचे आणि खेपा घालायच्या, हा गल्लीचा न लिहिलेला नियम.

दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेने ठरवलं की स्टेशनपासून किल्ल्यापर्यंत धावणारी ट्राम पुढे शहराच्या मध्यातून इस्पितळापर्यंत न्यायची. आणि ओस पडलेल्या मध्यवस्तीत जीव यावा म्हणून बंद दुकानांमधून छोटे छोटे बार काढायचे. सात-आठ स्टुलं, काउंटरमागे एक माणूस, बस. मोटार घरी ठेवा, ट्रामने या, दोन घोट घ्या, कुणाशी तरी चार शब्द बोला आणि ट्रामनेच परत जा. तामाएबाईंना ही कल्पना मनापासून पटली होती. संध्याकाळी सहा वाजता दुकान बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आपण माणसाचा आवाज ऐकत नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण पटण्याचं कारण तेच होतं.

अट एकच होती. मार्चअखेरपर्यंत पाच बारांचे करार झाले तर गल्लीच्या तोंडाशी थांबा. नाही झाले तर ट्राम न थांबता पुढे. मंडळाचे अध्यक्ष ओकुदाइरा, म्हणजे चहावाले, म्हणायचे, "म्हणजे ट्राममधून आपली गल्ली बघायची ती इस्पितळात जाताना. शेवटचीच."

चार करार झाले होते. पाचव्यासाठी जागा सापडेना. कुठे छप्पर गळत होतं, कुठे वारस नऊ आणि नऊही टोकियोत. बाकीच्यांची अडचण जुनीच: खाली दुकान, वर घर आणि संडास दुकानाच्या मागे. दुकान भाड्याने दिलं की घरच्या माणसाने जायचं कुठून? ही अडचण नसलेलं घर एकच, हिरुमांचं. त्यांच्या बायकोने, चिझूबाईंनी, बावीस वर्षांपूर्वीच वरच्या मजल्यावर संडास बांधून घेतला होता. निळ्या टाइल्सचा. गल्लीत तसा पहिलाच, म्हणून अजून त्याचं नाव निघायचं.

हिरुमा म्हणजे टोपीवाले. इथे माणसाला दुकानावरूनच हाक मारतात, दुकान बंद पडून दहा वर्षं झाली तरी. वय एक्याऐंशी. चिझूबाई जाऊन सहा वर्षं झालेली. अकरा महिन्यांपूर्वी तामाएबाई पहिल्यांदा गेल्या, तेव्हा त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, मान लववली आणि म्हणाले, "विचार करतो."

याचा अर्थ नाही, हे गल्लीतलं मांजरही सांगेल. पण नकार का, हे विचारायचं नसतं. समोरच्याने कारण झाकून ठेवलंय म्हणजे ते झाकण्यासारखं आहे. आपण झाकण उचललं तर तो उघडा पडतो आणि आपण निर्लज्ज ठरतो. तेव्हा मंडळाने रीतसर काम केलं. कारण विचारलं नाही, कारणं शोधली. चहावाले म्हणाले, भाडं कमी वाटत असेल. भाडं वाढवलं. विचार करतो. कुणी म्हणालं, आवाजाची भीती असेल. भिंतींना जाड थर द्यायचं ठरलं. विचार करतो. धुराचं असेल म्हणून सिगारेटबंदी आली. गिऱ्हाईक कसलं येईल याची काळजी असेल म्हणून तिथे बार चालवणार होत्या त्या त्सुरुओकाबाईंना मिठाईचा डबा घेऊन नमस्काराला पाठवलं. हिरुमांनी डबा ठेवून घेतला, तीन दिवसांनी तेवढ्याच किमतीचा डबा परत पाठवला आणि विचार करतो म्हणाले. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी तर टोपीवाल्यांच्या घराचं रंगीत चित्र काढून दिलं. त्यात छपरावर झाडं होती आणि खाली लोक हसत होते. हिरुमांनी चित्र बराच वेळ बघितलं आणि झाडांना पाणी कोण घालणार, एवढंच विचारलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तामाएबाई एकोणिसाव्यांदा तो जिना चढल्या. जिना कसला, शिडीच ती. त्याआधी त्या सकाळपासून नगरपालिकेत बसल्या होत्या. तिथल्या मिझोबे नावाच्या अधिकाऱ्याने तीन कप चहा पाजून सांगितलं होतं की तारीख वाढणार नाही. बाहेर बर्फाचा चिखल होता, मोजे ओले होते आणि डोकं तापलेलं होतं.

हिरुमांनी त्यांना खाली अंगीठी असलेल्या बुटक्या टेबलाशी बसवलं, त्यावरच्या गोधडीत पाय घालायला सांगितलं आणि चहा केला. मग दुसरा केला. तामाएबाई बोलत होत्या, थांबा किती महत्त्वाचा, एकतीस मार्च किती जवळ. आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आता घरापर्यंत दम निघणार नाही. अठरा खेपांत असं कधी झालं नव्हतं. परक्या घरी असलं मागणं म्हणजे जिवावरच येतं, पण जिवापेक्षाही काही गोष्टी जवळच्या असतात.

त्यांनी माफी मागितली, उठल्या आणि पॅसेजमधलं दार त्यांनीच उघडलं. वरच्या मजल्यावर दुसरं दार नव्हतंच. आत गाद्या रचलेल्या होत्या. गाद्यांवर टोप्यांची खोकी, छतापर्यंत.

मागे हिरुमा उभे राहिलेले होते. त्यांचा चेहरा बघून तामाएबाईंना वाटलं, यांना चक्कर येतेय.

"ते... खाली आहे," हिरुमा म्हणाले. "दुकानाच्या मागे. जिना जपून उतरा. दिवा डाव्या हाताला."

तामाएबाई शिडी उतरल्या, अंधाऱ्या दुकानातून गेल्या, दोन्ही बाजूंना लाकडी डोकी टोप्या घालून रांगेत बघत होती. शेवटी मागच्या अंगणाला लागून एक थंडगार खोली. परत येताना त्यांनी वाट मोजली. बावीस पावलं, आणि ती सगळी त्सुरुओकाबाईंच्या नकाशातल्या काउंटरमागून जात होती.

त्या वर येऊन बसल्या. मग हिरुमांनी, टेबलाकडे बघत, सांगितलं. चहावाल्यांकडे तेव्हा गरम बैठकीचा संडास आला होता आणि त्यांच्या बायकोने, सेत्सुकोबाईंनी, सगळ्या जणींना दाखवायला बोलावलं होतं. चिझू घरी आली ती सांगूनच की आपणही बांधतोय, वर, निळ्या टाइल्सचा. स्टेशनकडचा एक नळवाला येऊन माप घेऊन गेला. मग त्याच महिन्यात शाळांनी गणवेशातली टोपी काढून टाकली. टाइल्स आल्या नाहीत. पण तोपर्यंत चिझूने बांधून झाला असं सांगून टाकलं होतं, आणि एकदा सांगितल्यावर, दर वर्षी थोडं थोडं वाढत गेलं. खिडकी आली. पडदा आला.

"रात्रीतून मला तीनदा उठावं लागतं," हिरुमा म्हणाले. "बारमधून जाणार कसा, लेंगा घालून? आणि कारण सांगावं, तर चिझू खोटी पडते. आता ती सावरायलाही नाही इथे."

तामाएबाईंना इतका राग आला की त्यांनी तिसरा कप स्वतःच ओतून घेतला. भाडं, भिंती, सिगारेटी, मिठाई, छपरावरची झाडं. अकरा महिने. एका संडासासाठी.

"हिरुमासान," त्या म्हणाल्या, "वर एक बांधून दिला, आणि कुणाला काही कळलं नाही, तर?"

ते विचार करतो म्हणाले नाहीत. म्हणाले, "कळलं नाही तर."

मिझोबेंना फोन केला तर त्यांना नवलच वाटलं. घर आणि दुकान वेगळं करण्याचा खर्च अनुदानात बसतोच की, वेगळं दार, वेगळा संडास, सगळं. माहितीपत्रकात पान चौदावर आहे. फक्त कामांची यादी मंडळाच्या बैठकीत वाचून एकमताने मंजूर व्हायला हवी आणि घरमालकाने तिथेच सहीचा शिक्का मारायला हवा. पान चौदा अकरा महिन्यांत कुणीही उघडलं नव्हतं. तामाएबाईंनीही नाही, आणि त्याचा राग कुणावर काढावा हे त्यांना कळेना.

बैठक दहा मार्चला दुपारी दोन वाजता, मंडळाच्या खोलीत. सेत्सुकोबाई नेहमीप्रमाणे चहा द्यायला आलेल्या. हिरुमा कोट आणि फेल्ट हॅट घालून आले, हॅट मांडीवर ठेवून बसले. शिक्क्याची डबी त्यांच्या वरच्या खिशात दिसत होती. तामाएबाईंनी यादी मुद्दाम बारीक अक्षरात टाइप केली होती. पण चहावाल्यांनी दुसरा चष्मा आणला होता.

"जिन्याला वेगळं दार," त्यांनी वाचलं. "ठीक. वरच्या मजल्यावर शौचालय." ते थांबले. "हे कशाला? टोपीवाल्यांकडे वर आहे की. निळ्या टाइल्सचा."

"जुना झालाय," तामाएबाई म्हणाल्या. "चालत नाही."

"मग दुरुस्ती म्हणा. नवीन काय म्हणून? उद्या नगरपालिका विचारेल, तर मी काय सांगू? आपण असं करू, आपला नळवाला आत्ता जाऊन बघून येईल, दहा मिनिटांचं काम. काय टोपीवाले?"

नळवाला, जो कोपऱ्यात डुलक्या घेत होता, तो जागा झाला. हिरुमांनी मांडीवरची हॅट उचलली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर बसवली, अगदी सावकाश, दुकानात गिऱ्हाइकाला बसवून दाखवत तशी. त्यांनी उठायला टेबलावर हात टेकला. तामाएबाईंना कळलं की हे आता गेले. हे गेले की थांबा गेला, आणि ट्राम पुढची शंभर वर्षं समोरून जात राहणार.

"मी बघितलाय तो," सेत्सुकोबाई म्हणाल्या.

त्या चहावाल्यांच्या कपात चहा ओतत होत्या आणि त्यांनी मान वर केली नव्हती.

"चिझूकडे जायचे तेव्हा. चांगला होता. पण भिंतीतला पाइपच गंजलाय, तो काही दुरुस्तीतला नाही. नळवाले, तुम्ही बसा, तुमचे गुडघे त्या जिन्याचे नाहीत."

"तू मला कधी बोलली नाहीस," चहावाले म्हणाले.

"दुसऱ्याच्या घरचा संडास घरी येऊन सांगायचा असतो का? मंजूर करा आता, चहा गार होतोय."

चहावाल्यांनी मंजूर केलं. बाकीच्यांनीही केलं, थोडं घाईनेच, कारण त्यांना तो विषय संपायला हवा होता. हिरुमा पुन्हा बसले. हॅट काढली. डबीतून शिक्का काढून त्यांनी त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि कागदावर दाबला तो इतका वेळ दाबून धरला की तामाएबाईंना वाटलं टेबलात रुतेल.

सगळे गेल्यावर मोरीपाशी दोघी उरल्या. सेत्सुकोबाई कप विसळत होत्या, तामाएबाई शेजारी उभ्या होत्या. विचारायचं नसतं, हे त्यांना माहीत होतं. पण आज त्यांच्यात माहीत असण्याचं त्राण उरलं नव्हतं.

"खरंच वर गेला होतात तुम्ही?"

"गेले होते. त्याच वर्षी, उन्हाळ्यात. दार उघडलं तर गाद्या." सेत्सुकोबाईंनी कप उलटा ठेवला. "दार लावून घेतलं. थोडा वेळ तिथेच उभी राहिले, जाऊन यायला लागतो तेवढा. मग बाहेर येऊन म्हटलं, निळा रंग छान दिसतो हं."

"आणि मग?"

"मग काय. तिने खूश होऊन कलिंगड कापलं. एवढं मोठं. ते खावं लागलं, आणि घरापर्यंत कशी आले ते माझं मला माहीत."

तामाएबाई हसणार होत्या, पण आधी रागच आला. "अहो, मग अकरा महिने मी त्या शिडीवरून वर-खाली करतेय. ते चित्र, त्या भिंती... मला एका शब्दाने सांगायचं."

"आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"आम्हाला म्हणजे?"

"सगळ्या जणींना. भाजीवाली, सुरीवाल्यांची सून, मी. या पुरुषांना तेवढं माहीत नाही."

"आणखी काय काय माहीत आहे तुम्हाला या गल्लीचं?"

सेत्सुकोबाईंनी यावर खरोखर विचार केलेला दिसला. मग त्यांनी खुंटीवरचं कोरडं फडकं काढून तामाएबाईंच्या हातात दिलं.

"आधी कप पुसा," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षांचं सांगायचं राहिलंय, एका दुपारी नाही व्हायचं."